मोहोपाड्याचं आकाश आणि आपला कॅमेरा

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती मेगापिक्सेलचा दाखवू?" लग्नाचे, ट्रेकचे, गॅदरिंगचे फोटो काढायचे असतील तर या प्रश्नाला थोडाफार अर्थ आहे. पण तारे, आकाशगंगा, धूमकेतू असं काही टिपायचं असेल तर हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी. नवाकोरा, डब्यावर मोठा आकडा छापलेला कॅमेरा मृग नक्षत्रासमोर फिका पडतो आणि दहा-बारा वर्षांचा जुना कॅमेरा तेच नक्षत्र रंगांसकट उतरवतो, असं सहज होऊ शकतं. का होतं ते समजून घेतलं तर पैसे वाचतात. आणि हॉस्टेलवाल्यांच्या पैशांची गोष्ट किती गंभीर असते, हे मेसचं बिल भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आमच्या विंगमध्ये सध्या हाच विषय चालू आहे. सहा जणींनी वर्गणी काढून एक सामायिक कॅमेरा घ्यायचा, बजेट सगळं मिळून २५ हजार रुपये. यातली एकीची वर्गणी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवलेली आहे, एकीची दोन दिवाळ्यांच्या भाऊबिजेची. म्हणजे चुकीची वस्तू आली तर दुसऱ्यांदा वर्गणी निघणार नाही, हे नक्की. म्हणून दुकानात जाण्याआधी वहीत गणितं मांडली. तीच इथे देते. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनीही वाचावं, कारण भागाकाराच्या पुढे काही नाही.

सगळा खेळ आहे प्रकाश गोळा करण्याचा. दिवसा प्रकाश इतका असतो की कॅमेऱ्याला तो अडवत बसावं लागतं. रात्री नेमकं उलट. ताऱ्याकडून येणारे फोटॉन मोजके, आणि त्यांना आत यायला वाट एकच, लेन्समधलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर. पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल? इतकं साधं आहे हे. मेगापिक्सेल म्हणजे साठलेलं पाणी किती पेल्यांत वाटायचं, त्याचा हिशोब. पेले वाढवून पाणी वाढत नाही.

आता गंमत अशी की या छिद्राचं माप लेन्सवर सरळ लिहिलेलं नसतं. लिहिलेला असतो एफ नंबर. फोकल लेंग्थला एफ नंबरने भागायचं, की छिद्राचा व्यास मिळतो. कॅमेऱ्याबरोबर फुकट येते ती १८-५५ एमएमची किट लेन्स. ती १८ वर ठेवली की एफ नंबर असतो ३.५. १८ भागिले ३.५ म्हणजे साधारण ५ मिलिमीटर. तूरडाळीच्या दाण्याएवढं छिद्र! तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली पूर्ण अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे किट लेन्सची खिडकी आपल्या डोळ्यापेक्षाही लहान. मोबाईलच्या कॅमेऱ्याची तर त्याहून लहान, तीन-चार मिलिमीटरच्या आसपास. आणि ५० एमएमची, एफ १.८ वाली साधी लेन्स? ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. तूरडाळीचा दाणा आणि दहाचं नाणं शेजारी ठेवून बघा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, त्यामुळे फरक पाचपट नाही, २९ पट पडतो.

इथे कुणीतरी हुशार विचारेल, "अगं, पण उजेड तर एफ नंबरवर ठरतो, व्यासावर नाही. फोटोग्राफीच्या पुस्तकात तसंच लिहिलंय." बरोबर लिहिलंय, पण ते पसरलेल्या वस्तूंसाठी. भिंत, चेहरा, ढग, या वस्तू मोठ्या लेन्समधून मोठ्या दिसतात आणि त्यांचा प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो. म्हणून तिथे एफ नंबर चालतो. तारा मात्र कितीही मोठी लेन्स लावली तरी ठिपकाच राहतो. त्याचा सगळा प्रकाश त्याच चार-दोन पिक्सेलवर पडतो, म्हणून ताऱ्यासाठी व्यास महत्त्वाचा. आणि आपल्याकडचं रात्रीचं आकाश, म्हणजे पनवेल-मुंबईच्या दिव्यांनी उजळलेला तो राखाडी पडदा, हा पसरलेल्या वस्तूंत मोडतो. त्याला एफ नंबरचा नियम लागू.

हा फरक आपल्यासारख्या ठिकाणी फार कामाचा आहे. लडाखला गेलात तर आकाश मुळातच काळं आहे, कुठलीही लेन्स चालून जाईल. मोहोपाड्यात आपल्याला तारा वर काढायचा आहे आणि पडदा खाली दाबायचा आहे. मोठ्या व्यासाची, थोड्या लांब फोकल लेंग्थची लेन्स हे दोन्ही एकदम करते. किती करते, ते बघण्याआधी वेळेचं गणित बघावं लागेल.

छिद्र लहान असलं तर ते जास्त वेळ उघडं ठेवू, असं कुणालाही वाटेल. ठेवता येतं, पण पृथ्वी थांबत नाही ना! २४ तासांत ३६० अंश, म्हणजे दर सेकंदाला १५ आर्कसेकंद आकाश सरकतं. (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.) कॅनन १२००डी हा २०१४ साली आलेला कॅमेरा घेऊ. त्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आणि त्या रुंदीत ५१८४ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. १८ एमएम लेन्सवर असा एक पिक्सेल आकाशातले साधारण ४९ आर्कसेकंद व्यापतो. म्हणजे सव्वातीन सेकंदांत तारा एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर. फोटोग्राफरांचा एक जुना ठोकताळा आहे, ५०० चा नियम. ५०० ला फोकल लेंग्थने भागायचं, आणि लहान सेन्सर असेल तर त्याच्या क्रॉप फॅक्टरनेही. कॅननला हा फॅक्टर १.६. मग १८ एमएमला मिळतात १७ सेकंद आणि ५० एमएमला फक्त ६. एवढ्या वेळात दोन्हीकडे तारा पाचेक पिक्सेल सरकलेला असतो. मोठी प्रिंट काढली तर ताऱ्याची तांदळाच्या दाण्यासारखी लांबट शेप दिसेल, फोनवर बघायला चालून जाईल. हा हिशोब मृगाच्या पट्ट्यासाठी, कारण तो खगोलीय विषुववृत्ताजवळ आहे आणि तिथले तारे सगळ्यात जोरात पळतात. ध्रुवाजवळ जास्त वेळ मिळतो. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर दिसतो, कारण आपला अक्षांशच तेवढा आहे. गच्चीवरून प्रबळगडाच्या बाजूला बघा, डोंगराच्या थोडा वर, एकटाच असतो.

तर आता दोन्ही गणितं एकत्र. ५० एमएमला वेळ कमी मिळतो, जवळपास एक-तृतीयांश. तरीही २९ पट छिद्रामुळे त्या सहा सेकंदांत एका ताऱ्याचा प्रकाश किट लेन्सच्या सतरा सेकंदांपेक्षा १० पट जास्त येतो. आणि राखाडी पडदा? तो फक्त १.४ पट वाढतो. मात्र एक खरं सांगायला हवं. ५० एमएमची स्वस्त लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या चिमणीसारखे दिसतात. या दोषाला कोमा म्हणतात. त्यामुळे एफ २.८ पर्यंत बंद करावी लागते. मग ताऱ्यांचा फायदा १० पटीवरून साडेचार पटीपर्यंत उतरतो. पण पडदा किट लेन्सच्या जवळजवळ निम्म्यावर येतो! म्हणजे जे हवं ते साडेचार पट आणि जे नको ते निम्मं. माझ्या मते वर्गणीचा निर्णय इथेच लागतो. बॉडी कुठलीही चालेल, ५० एमएम एफ १.८ हवीच.

तोटा आहे, तो म्हणजे आकाशाचा तुकडा लहान मिळतो. १८ एमएमला ६४ अंश बाय ४५ अंश दिसतं, ५० एमएमला २५ बाय १७. आकाशगंगेची अख्खी कमान आणि खाली डोंगर, असा इन्स्टाग्रामवरचा फोटो या लेन्सने एका क्लिकमध्ये होणार नाही. पण मृगाची चौकट तिच्या तीन ताऱ्यांच्या पट्ट्यासकट बसते. कृत्तिका आणि रोहिणी एका फ्रेममध्ये येतात. वृश्चिकातली लाल ज्येष्ठा बसते. शर्मिष्ठेच्या खाली देवयानीतली दीर्घिका एक लांबट धुरकट ठिपका म्हणून येते, आणि तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. पंचवीस हजार रुपयांत पंचवीस लाख वर्षं, हिशोब वाईट नाही. आणि किट लेन्स जुन्या बॉडीबरोबर बहुतेक वेळा येतेच. कमानीचा फोटो तिने काढायचा, चांगल्या अंधाऱ्या जागी गेल्यावर.

सेन्सरबद्दल थोडक्यात. जे कॉम्पॅक्ट कॅमेरे "५० पट झूम" वगैरे लिहून विकतात, त्यांचा सेन्सर बहुधा ६ बाय साडेचार मिलिमीटरचा असतो. डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर क्षेत्रफळात त्याच्या १२ पट. फुलफ्रेम त्याहूनही मोठा, ३६ बाय २४, पण तो आपल्या बजेटच्या बाहेर आणि त्याच्या लेन्सा तर आणखी बाहेर. त्यामुळे एपीएस-सी. झूमवाला कॉम्पॅक्ट चंद्राचे खड्डे झकास दाखवतो, हे कबूल. चंद्र ही दिवसासारखी उजळलेली वस्तू आहे. ताऱ्यांसाठी तो घेऊ नका.

आयएसओबद्दल मात्र गैरसमज फार. "याचा आयएसओ २५,६०० पर्यंत जातो" असं दुकानदार ऐटीत सांगतो. आयएसओ वाढवल्याने एकही जास्तीचा फोटॉन आत येत नाही. तो फक्त अ‍ॅम्प्लिफायरचा गेन आहे, आणि गेन वाढला की सिग्नलबरोबर नॉइजही वाढतो, हे ईएनटीसीवाल्यांना सांगायची गरज नाही. शिवाय प्रकाशाला स्वतःचाच नॉइज असतो. १०० फोटॉन आले तर त्यात १० चा चढउतार आपोआप असतो, कारण तो वर्गमुळाच्या हिशोबात जातो. यावर औषध एकच, जास्त प्रकाश. एका फोटोत मावत नसेल तर अनेक फोटोंत. सहा सेकंदांचे १६ फोटो काढून त्यांची सरासरी घेतली तर सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर चौपट सुधारतं, ६४ काढले तर आठपट. याला स्टॅकिंग म्हणतात. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही दोन सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि लॅबमधल्या जुनाट पीसीवरसुद्धा (हळूहळू) चालतात. तारे एकमेकांवर नीट बसवायचं कामही तेच करतात. मधूनच विमान गेलं तर त्याची रेघही पुसतात. आपल्या डोक्यावरून किती विमानं जातात हे गच्चीवर झोपणाऱ्यांना माहीत आहे, त्यामुळे ही सोय छोटी समजू नका.

नव्या मोबाईलचा नाईट मोडही आतून हेच करतो, छोटे छोटे फोटो काढून एकमेकांवर रचतो. गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये खास ताऱ्यांसाठी चार मिनिटांपर्यंतचा मोड दिला, तेव्हापासून हा प्रकार बोकाळला. ज्यांच्याकडे असा फोन आहे त्यांनी आधी तो स्टँडवर लावून बघावा. फुकट आहे, आणि ऑक्टोबर २०२४ चा त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू कितीतरी जणांनी फोनवरच टिपला. पण फोनने रचलेल्या फोटोत खरं किती आणि सॉफ्टवेअरने रंगवलेलं किती, ते कळत नाही. ज्याला शिकायचंय त्याला रॉ फाईल हवी, म्हणजे सेन्सरने मोजलेले आकडे, जसेच्या तसे.

जाता जाता एक गोष्ट. इंजिनियरिंग कॉलेज आणि आकाशाचे फोटो यांचं नातं आपल्याकडे नवं नाही. पुण्याचं कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं सीओईपी, तिथे १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले आणि तिथे ग्रहणाचे फोटो आणि वर्णपट घेतले. त्यांच्याकडे सेन्सर नव्हता, काचेच्या प्लेट होत्या. एकदा चुकली की प्लेट गेली आणि ग्रहणही गेलं. त्यांच्या वेधशाळेत २० इंची आरशाची दुर्बीण होती. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकॅनॉलला गेलं. नाहीतर पुण्याच्या इंजिनियरिंगच्या पोरांना आज काय गच्ची असती! असो.

आता खरेदी. कॅनन, निकॉन, सगळ्यांचा ओढा आता मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे, त्यामुळे जुने डीएसएलआर बाजारात भरपूर येतात. हे आपल्या पथ्यावर पडणारं आहे. तारे काढायला वेगवान ऑटोफोकस लागत नाही, फोरके व्हिडिओ लागत नाही, वायफाय लागत नाही. ज्या गोष्टी जुन्या कॅमेऱ्यात कमी आहेत, त्या आपल्याला नकोच आहेत. हव्यात त्या अशा: पूर्ण मॅन्युअल मोड, ३० सेकंदांपर्यंतचा शटर आणि बल्ब, रॉ फाईल, आणि लाईव्ह व्ह्यू, ज्यात एक तारा मोठा करून फोकस करता येतो. कॅनन १२००डी, निकॉनचे डी३२०० आणि डी५३०० या सगळ्यांत हे आहे. तिघांत निवडायची वेळ आली तर मी डी५३०० घेईन. २०१३ चा आहे, २४ मेगापिक्सेल (पाहिलंत, शेवटी सांगावंच लागलं!), सेन्सर अंधारात शांत आहे आणि स्क्रीन बाहेर वळते. ही वळणारी स्क्रीन चैन वाटेल, पण कॅमेरा डोक्यावर रोखलेला असताना मान मोडून खालून बघायचं नसेल तर तिची किंमत कळते.

निकॉन घेणाऱ्यांसाठी एक युक्ती. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नसते. त्यामुळे जुनी ५० एमएम एफ १.८ डी ही लेन्स त्यांच्यावर ऑटोफोकस करत नाही, म्हणून लोक ती घेत नाहीत. आपल्याला फोकस हातानेच करायचा आहे! उलट तिची फोकसची रिंग नव्या लेन्सपेक्षा चांगली, अंतराच्या खुणांसकट. फक्त लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. व्याध किंवा गुरू, जो तेजस्वी असेल तो लाईव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करायचा आणि तो बारीकात बारीक होईपर्यंत रिंग फिरवायची. मग रिंगवर चिकटपट्टी.

जुनं सामान घ्यायला पनवेलहून हार्बरने सरळ सीएसएमटी. स्टेशनच्या समोरच फोर्टमध्ये बोरा बझारच्या गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. जाताना खिशात स्वतःचं मेमरी कार्ड आणि एक छोटा टॉर्च ठेवा. कार्ड घालून, लेन्सला झाकण लावून, आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचा फोटो काढायचा. तो काळा यायला हवा. स्क्रीनवर मोठा करून बघितलं की लाल, निळे, हिरवे ठिपके दिसतील, ते हॉट पिक्सेल. थोडे असतातच, त्याला घाबरायचं नाही. दिवाळीच्या रोषणाईसारखे दिसले तर कॅमेरा परत. शटर किती वेळा उडालाय हेही विचारा. निकॉनच्या फोटो फाईलमध्ये तो आकडा लिहिलेला असतो, कॅननच्या १२००डीला त्यासाठी केबल आणि सॉफ्टवेअर लागतं. दुकानदाराने "मॅडम, सिर्फ घर में यूज किया है" म्हटलं तरी आकडा बघायचाच.

टॉर्च लागतो लेन्ससाठी. एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, फंगस. मुंबई-कोकणच्या हवेत हा लेन्सचा नंबर एकचा शत्रू आहे. स्वस्त मिळते म्हणून अशी लेन्स घेऊ नये. चांगली घेतली तरी आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस आहे. हॉस्टेलच्या भिंतींना जूनमध्ये ओल धरते आणि चपलांना बुरशी येते, तिथे लेन्सचं काय होईल? कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत सिलिका जेल, बस. रसायनीत राहून सिलिका जेल मिळालं नाही असं म्हणणाऱ्याने केमिकलला अ‍ॅडमिशन घेतलेल्या मित्रांशी ओळख वाढवावी.

ट्रायपॉडवर पैसे वाचवू नका. आमच्या हिशोबात पंचवीसपैकी तीन हजार आधीच त्याच्या नावाने बाजूला आहेत. रस्त्यावर मिळणारा हलका ट्रायपॉड वाऱ्याने थरथरतो आणि मग वरची सगळी पिक्सेलची गणितं वाया. मधल्या दांड्याला सॅक लटकवायची, म्हणजे वजन येतं. शटर बोटाने दाबायचा नाही, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. कॅमेऱ्यात "लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन" असतं ते बंद ठेवा, कारण प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून एक काळा फोटो काढत बसतो आणि अर्धी रात्र त्यातच जाते. तेच काम शेवटी झाकण लावून दहा-वीस काळे फोटो काढून होतं.

राहिलं आकाश. गच्चीवर चढून नीट बघितलं तर आपल्याकडे दिशांची मोठी विषमता आहे. पश्चिमेला कर्नाळ्याच्या सुळक्यामागे पनवेल, उलवे, जेएनपीटी, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. वायव्येला सगळी मुंबई. तिकडचं आकाश रात्रभर संध्याकाळसारखं असतं. २०२४ चा तो धूमकेतू नेमका पश्चिमेला होता, हे आपलं नशीब. पूर्वेला खालापूर-खोपोली आणि एक्स्प्रेस वे, त्यातल्या त्यात बरं. दक्षिणेला माणिकगडाकडे आणि थेट डोक्यावर सगळ्यात चांगलं. आजूबाजूला पाताळगंगा एमआयडीसीतले दिवे आहेतच. त्यांच्यावर फार रागावता येत नाही. इथल्या एचओसीत तयार होणारं एन-टू-ओ-फोर इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनांत जात असे. २०१७ मध्ये सरकारने एचओसीचे इथले बाकीचे प्लँट बंद करायचं ठरवलं तेव्हाही तेवढा एक प्लँट इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला. आकाशात पोचायला मोहोपाड्याचा हातभार आहे, आकाश दिसायला थोडा अडथळा आहे, एवढंच.

म्हणून वेळ आणि दिशा निवडावी लागते. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग धनू राशीकडे, तो आपल्याकडे जास्तीत जास्त ४२ अंश वर येतो, दक्षिणेला. मार्चच्या शेवटी तो मध्यरात्रीनंतर एक वाजता उगवायला लागतो आणि पहाटेपर्यंत आपल्या चांगल्या दिशेला आलेला असतो. मेच्या मध्यावर साडेनऊलाच उगवतो, पण तेव्हा परीक्षा असतात, आणि हवेत बाष्पही वाढलेलं. मग पाऊस. परतीचा पाऊस हवा धुऊन गेला की ऑक्टोबरच्या शेवटी अंधार पडल्या पडल्या नैऋत्येला तो तास-दीड तास पुन्हा सापडतो. ५० एमएमवाल्यांचा खरा हंगाम मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी, मृग आणि कृत्तिका डोक्यावर. आणि कुठलाही महिना असो, अमावास्येच्या आसपासचे पाच-सात दिवस. स्टेलेरियममध्ये तारीख टाकली की चंद्र कधी मावळतो तेही कळतं.

याहून अंधारं हवं असेल तर मुंबईचं खगोल मंडळ आकाशदर्शनाला वर्षानुवर्षं आपल्या शेजारच्या कर्जत लाईनवर, वांगणी-नेरळकडे येत आलंय, त्यांच्याबरोबर जावं. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. विदर्भातले जे आहेत त्यांनी सुट्टीत घरी जाताना कॅमेरा न्यावा (वर्गणीदारांची परवानगी घेऊन). रात्री इर्शाळ-माणिकगडच्या वाटेला लागू नये. झाडीत काही दिसत नाही, साप-विंचू आहेत, आणि मुलींची रात्रीची हजेरी नऊला असते.

त्यामुळे गच्ची. आणि इथे स्टाफपैकी जे हे वाचत असतील त्यांना एक विनंती. आपल्या गच्चीच्या कोपऱ्यावर जो हॅलोजन आहे, त्याचं तोंड वर, आकाशाकडे आहे. त्याचा उजेड ना जिन्यावर पडतो ना गेटवर. तो खाली वळवला तर गेटही नीट दिसेल आणि आमच्या सहा सेकंदांत तोही येणार नाही. मेंटेनन्सच्या काकांना विचारलं, ते म्हणाले दोन बोल्ट सैल करायचे आहेत, दहा मिनिटांचं काम, फक्त वरून चिठ्ठी हवी. चिठ्ठीचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. पुढची अमावास्या कधी आहे तेही त्यात लिहिलंय.